परसातला फलाट

१

"जागा एकाचीच आहे, डेसमंड. आधी तिला नीट रुळू दे. मग काय, जरासं सरकवलं की झालं."

सासूचं हे बोलणं लिनेटच्या कानावर पडलं ते जिन्यात. धुवायच्या चादरींचा बोळा छातीशी धरून ती खाली उतरत होती आणि स्वयंपाकघराचं दार नेहमीसारखं अर्धवट उघडं होतं. ते पूर्ण उघडतच नसे. दारामागे रेल्वेचा पूल उभा करून ठेवलेला असे.

"हळू बोल गं," सासरा म्हणाला. "या घराच्या भिंती म्हणजे बिस्किटं आहेत."

मग कपात चमचा फिरल्याचा आवाज, आणि बराच वेळ नुसता चमचाच.

लिनेट दोन पायऱ्या मुद्दाम आपटत उतरली. आपलं ऐकलेलं आपल्याजवळ आणि त्यांचं बोललेलं त्यांच्याजवळ राहावं, याची ही तिची, परक्यांच्या घरांत वाढताना लागलेली, जुनी रीत होती. ऐकलेल्यात तसं काही नव्हतंही. या घरात उठता-बसता जागेचीच चर्चा चाले. पलंगाखालच्या खोक्याबद्दलच बोलत असणार. फक्त खोक्याला कुणी 'तिला रुळू दे' म्हणतं का, एवढंच तिच्या मनात आलं, आणि ते तिने चादरींबरोबर भिजत घातलं.

टॅनरी रो या गल्लीतली घरं विटांची, एकमेकांना खेटलेली. खाली दोन खोल्या, वर दोन, आणि मागे चार चादरी वाळत घालाव्यात एवढं परस. त्यात निम्मी जागा कोळशाच्या बंकरची आणि कचऱ्याच्या डब्याची. उरलेल्या जागेत डेसमंडची छोटी, खेळातली रेल्वे धावायची. पण फक्त रविवारी, आणि पाऊस नसेल तर. शेड बांधायला जागा नव्हती, म्हणून सगळी रेल्वे रविवारी संध्याकाळी घरात यायची. सरळ रूळ जिन्याच्या भिंतीवर हुकांना. वळणाचे कोचाखाली. इंजिनं वरच्या कपाटात, गरम पाण्याच्या टाकीला टेकून, टॉवेलांच्या घड्यांमध्ये. त्यामुळे लिनेटला लग्नात मिळालेल्या टॉवेलांना कायम गरम तेलाचा वास यायचा. आणि स्टेशन, फलाट, दिवे, तिकीटखिडकी, सगळं एका लांबट खोक्यात नव्या जोडप्याच्या पलंगाखाली.

कीथशी लग्न करताना लिनेटला वाटलं होतं, आपण एका माणसाच्या घरी चाललोय. प्रत्यक्षात ती एका स्टेशनच्या वरच्या मजल्यावर राहायला आली होती.

नगरपालिकेचा फ्लॅट मिळेपर्यंतच, असं कीथ म्हणाला होता. तोवर एकच अडचण होती. सासूला हाक काय मारायची? "मला मम म्हण ना गं, कीथ म्हणतो तसं," ऑड्री पहिल्या दिवसापासून सांगत होती आणि रोज रात्री लिनेटच्या पलंगात न विसरता गरम पाण्याची पिशवी ठेवत होती. लिनेटच्या जिभेवर तो शब्द येईना. नावाने हाक मारणं उद्धट वाटे. मग ती खाकरे, किंवा सासूच्या समोर जाऊन उभी राही. वसंतापासून आत्तापर्यंत तिने खाकरण्यावरच निभावलं होतं.

२

डेसमंड पूर्वी खऱ्या रेल्वेत केबिनवाला होता, सिग्नलचे दांडे ओढणारा. गावातला रेल्वेचा फाटा बंद झाला, रूळ उखडून नेले, केबिनीची लाकडं कुणीतरी सरपणाला विकली. पण त्याच्या खांद्यांना ते कळलंच नव्हतं. चहा ढवळतानासुद्धा तो एक पाऊल मागे टाकून उभा राही, दांडा ओढायला राहतात तसा.

स्वयंपाकघराच्या खिडकीत त्याने एक छोटी केबिन केली होती. पावाच्या डब्याएवढं लाकडी खोकं, तीन दांडे, एक घंटा आणि ती वाजवायची पितळी कळ. तशीच दुसरी घंटा आणि कळ परसाच्या टोकाला, भिंतीपाशी. मधली तार आयव्हीच्या वेलातून नेलेली.

लाइन खिडकीखालच्या स्टेशनातून निघे, बंकरला वळसा घाली आणि टोकाच्या भिंतीतल्या बोगद्यात शिरे. तिथेच संपे. पूर्वी भिंतीला आरपार भोक होतं आणि लाइन शेजारच्या म्हाताऱ्याच्या परसात जाई, असं कधीतरी बोलण्यात आलं होतं. आता पलीकडे नवे लोक होते आणि सशांचे पिंजरे. डेसमंडने बोगद्यात हात जाईल तिथवर पाटीचा दगड बसवून त्याला काळा रंग दिला होता. आत एक इंजिन आणि दोन डबे कसेबसे मावत.

"खिडकीत तू बस," ऑड्री पहिल्याच रविवारी लिनेटला म्हणाली होती. "तुझा कान चांगला आहे. मी बघितलंय, किटली शिट्टी मारायच्या आधी तू उठतेस."

"मग मी काय बहिरा आहे?" कीथ म्हणाला.

"रविवारी असतोसच तू."

ते खरं होतं. गाड्या सुरू झाल्या की कीथ ट्रान्झिस्टर कानाला लावून क्रिकेट ऐकत बसे, आणि सामना नसला की बागकामाची माहितीसुद्धा तितकंच मन लावून ऐके. घरात झाड म्हणून नव्हतं.

शिकवलं डेसमंडने. "मी तिकडे भिंतीपाशी. गाडी बोगद्याशी उभी. मी एक टोला देतो. म्हणजे, आहेस का? तू एक द्यायचा. म्हणजे, आहे. मग मी तीन देतो, जरा थांबून एक. म्हणजे, गाडी पाठवू? पाठव म्हणायचं असेल तर तू तेच परत वाजवायचं. झाली लाइन क्लिअर. गाडी निघाली की मी दोन देतो."

"आणि पाठवू नको म्हणायचं असेल तर?"

"तर गप्प बसायचं. उत्तर नाही म्हणजे गाडी नाही. ती तिथेच उभी राहील, पोरी. जन्मभर उभी राहील, पण यायची नाही."

बटाटे सोलणाऱ्या ऑड्रीची सुरी थांबली आणि पुन्हा चालू झाली.

"आणि सहा टोले म्हणजे धोका," डेसमंड घाईने म्हणाला. "लाइन क्लिअर दिली, पण आता रुळावर काहीतरी आहे, थांबवा. मी सगळ्या नोकरीत एकदाच दिले. गाय होती. तिने आभारसुद्धा मानले नाहीत."

फलाट अगदी आखूड होता. एका बाजूला मोरीचं झाकण, दुसऱ्या बाजूला बंकर, लांबवणार कुठे? त्याच्या कडेला चार भोकं पाडलेली आणि त्यांत चार माणसं, अंगठ्याएवढी, शिशाची, पायाखाली टाचणी असलेली. टोपीवाला डेसमंड. पिशवीवाली ऑड्री. कानाला ट्रान्झिस्टर लावलेला कीथ. आणि चौथी लिनेट, मोहरीच्या रंगाच्या कोटात. या घरी पहिल्यांदा आली तेव्हाचा कोट. तिला मनापासून आनंद झाला होता. तिचा पुतळा आजवर कुणी उभारला नव्हता. खाली वाकून बघताना फक्त एक गोष्ट तिच्या नजरेत आली. चौथं भोक नवं नव्हतं. त्याच्या कडा बाकीच्यांइतक्याच झिजून गुळगुळीत झाल्या होत्या.

फलाटाचा एक नियमही होता. पाहुणा आला की त्याचं माणूस गाडीतून यायचं, आणि जागा चारच, म्हणून एक उतरला की घरातला एक चढायचा. तो बोगद्यात जाऊन बसायचा आणि पाहुणा गेल्यावर परत यायचा. बोगद्यात गेलेल्याला पुडिंग नाही, हा घरातला जुना विनोद.

ऑगस्टच्या सुट्टीला नोरामावशी आली, तेव्हा कीथला चढवलं. कीथ त्या वेळी खुर्चीत ट्रान्झिस्टर ऐकत होता. गाडी बोगद्यात शिरली आणि त्याची मान छातीवर आली. मावशीने एवढं मोठं सफरचंदाचं पुडिंग संपवलं, भांडी झाली, मावशीच्या गुडघ्यांच्या गप्पा झाल्या, तरी तो उठला नाही. लिनेटने सहज त्याचा हात हातात घेतला. तो हात गार होता. झोपलेल्या माणसाचा असतो तसा नाही. भिंतीतल्या विटेसारखा, आतून ओला.

संध्याकाळची गाडी फलाटाला लागली आणि कीथने डोळे उघडले. "पुडिंग संपलं?"

"बोगद्यात गेलेल्याला पुडिंग नाही!" सगळे एकदम म्हणाले, आणि हसले. लिनेटही हसली. पण तो हात तिने एकटीनेच धरला होता.

३

सप्टेंबरातल्या एका रविवारी जेवणानंतर भुरभुर सुरू झाली. सर येईल आणि जाईल, म्हणून रूळ तसेच ठेवून सगळे पुढच्या खोलीत चहाला बसले. लिनेट मागे कप विसळत होती. पाणी कोमट होतं, खिडकीवर वाफ धरली होती, परस त्यातून हिरवट आणि लांबचं दिसत होतं, तळ्याच्या बुडाशी असल्यासारखं.

घंटा वाजली. एक.

तिने ओल्या बोटानेच कळ दाबली. एक. फोन वाजला की माणूस उचलतो, तसं.

तीन. मग जरा थांबून एक.

तिने तेच परत दिलं. तीन आणि एक. बशी पुसून ठेवली. आणि मग तिला पुढच्या खोलीतून डेसमंडचा आवाज ऐकू आला. तो बिस्किट मागत होता.

तिने काचेवरची वाफ हाताने पुसली. भिंतीपाशी कुणी नव्हतं. आयव्हीची पानं पाण्याने जड होऊन लवत होती.

लिनेटने विचार केला. ती विचार करणारी मुलगी होती. तार जुनी आहे. वर पाऊस. कुठेतरी पाणी शिरलं, तारेला तार लागली, वाजली घंटा. सोपं आहे. पावसाला कुठे माहीत असतं, तीन झाल्यावर थांबायचं आणि मग एक? पण माणसाला सवय असते, दोन ठोक्यांत अर्थ ऐकायची. बहुधा नुसतीच खणखण झाली असेल, आणि तीन-एक मीच ऐकले असतील.

पुढच्या खोलीतलं बोलणं थांबलं होतं. बिस्किट मोडल्याचा आवाजसुद्धा नाही.

ऑड्री दारात आली. दार पुलाला अडकलं, तशी ती अंग चोरून आत आली. "वाजली का गं?"

लिनेट खाकरली.

"परसातली घंटा ऐकली मी. तू दिलंस उत्तर?" ऑड्रीचा आवाज इतका हळू होता, की मांजराला बोलावतेय असं वाटावं. "काय वाजलं, बाळा? तीन आणि एक?"

"तार भिजली असेल," लिनेट म्हणाली.

"हो. तार भिजली असेल," ऑड्री लगेच म्हणाली. तिने लिनेटचा ओला हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन पुसला, बोटं एकेक करून, लहान मुलाची पुसतात तशी.  तिच्या तोंडावर असं काही उजळलं होतं, की लिनेटला बघवेना. सुंदर दिसत होती ती. तरुण दिसत होती.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ऑड्रीने पाच ताटल्या मांडल्या. मग "वेडी झालेय मी," म्हणून एक उचलून ठेवली. उचलताना तिने कुठल्याच ताटलीकडे बघितलं नाही. बघितलं ते लिनेटकडे.

४

पुढच्या आठवड्यात ऑड्री बाजारात गेली असताना लिनेटने झाडायला म्हणून पलंगाखालचं खोकं बाहेर ओढलं. झाकण उघडायचं काही कारण नव्हतं. तिने उघडलं.

माणसं एका तबकात ठेवलेली असत. हिरवी मऊ बनात, त्यात चार कोनाडे. प्रत्येकाचा आपापला. तिने स्वतःला उचललं. तिच्या कोनाड्यात बनातीवर जुना ठसा होता, आणि तो तिच्या आकाराचा नव्हता. बारीक, काटकुळा, एक हात जरा वर केलेला.

तिने त्या चिमुकल्या लिनेटला खिडकीच्या उजेडात नेलं. खांद्यावर मोहरीच्या रंगाचा टवका उडाला होता. आत गडद निळा. शाळेच्या कोटाचा असतो तसा निळा. आणि जिथे तिने पर्स धरली होती, तिथे मूळचा वर केलेला एक हात कापून, घासून, कोटाला चिकटवलेला कळत होता.

डेसमंड काही वाया घालवत नसे. या घरात एवढी जागाच नव्हती.

शनिवारी ती कीथला घेऊन कालव्यावर बदकांना पाव घालायला गेली. घरात बोलायची सोय नव्हती. भिंती बिस्किटांच्या होत्या.

"माझ्याआधी चौथा कोण होता?"

कीथने पावाचा तुकडा फेकला. "कुत्रा होता ना आपला. टफी."

"शाळेचा कोट घालायचा कुत्रा?"

कीथने हातातला पाव बारीक कुस्करला. "फिलिप," तो शेवटी म्हणाला. "भाऊ माझा. मोठा. पलीकडचं टोक त्याचं असायचं, म्हाताऱ्याच्या परसात. खिडकीत मम, तिकडे तो. मी मधे, पडलेले डबे उचलायला."

"मग?"

"मग काय. जॅम चुलीवर होता. त्याने घंटा दिली, तीन-एक, मम म्हणाली एक मिनिट. परत दिली. मम म्हणाली, अरे हो रे, जॅम करपतोय. तिने उत्तर दिलं नाही. जॅम बरण्यांत भरला, झाकणं लावली, तोवर घंटा थांबली होती."

"तो गल्लीतून चालत येऊ शकला असता की."

"हो ना. सगळे तेच म्हणाले. गल्ली बघितली. हा कालवाही बघितला. सापडला नाही." पाव संपला होता, तरी कीथचा हात फेकत होता. बदकं गोंधळून रिकाम्या पाण्यात चोची मारत होती. "तेव्हापासून तिला त्याची घंटा ऐकूच येत नाही, लिन. वाजते, पण तिला येत नाही. डॅडलाही नाही. तासन्‌तास बसायची ती खिडकीत. कळ तिच्या हातात आणि—"

"तुला येते?"

"मी क्रिकेट ऐकतो."

"कीथ. ती वाजली. मी उत्तर दिलं."

तो तिच्याकडे वळला. त्याचा रंग पिठासारखा झाला होता. "लाइन क्लिअर दिलीस?"

"सवयीने. कप विसळता विसळता."

"इतकी वर्षं मी..." तो थांबला. "चौथं भोक रिकामं होतं, तरी फलाटाचा नियम नियमच, लिन. तो उतरायचा तर एकाला चढावं लागणार. मी कुणाला चढवू? ममला? डॅडला? म्हणून रेडिओ."

"आणि मी आले."

"तू आलीस," कीथ अगदी खालच्या आवाजात म्हणाला. मग घाईने, "पण हे सगळं म्हणजे आपलं... जुनी तार आहे गं. आणि फ्लॅट मिळतोय ना वसंतात. या वर्षीचा एकच रविवार राहिलाय, मग रूळ आत."

घरी येताना तो तिचा हात धरून चालला. लिनेटला वाटत होतं, हा गोड माणूस आहे, आणि या क्षणी मला त्याला कालव्यात ढकलावंसं वाटतंय, आणि या दोन्ही गोष्टी बहुधा लग्नात बसतात. बाकी तिने स्वतःला नीट समजावलं. एका आईचं मूल गेलंय. दुःखाने माणसं चक्रम होतात. शिशाला रंग दिला म्हणून कुणी कुठे जात नाही. शेवटच्या रविवारी मी खिडकीत बसेन आणि घंटेला हात लावणार नाही. उत्तर नाही, म्हणजे गाडी नाही.

पण उत्तर तर तिने दिलेलं होतं.

५

शेवटच्या रविवारी पाऊस नव्हता. धुकं होतं, पातळ, दुधाळ. उन्हाने त्यात कुठून तरी मध मिसळल्यासारखा रंग आणला होता. दुपार असून वेळ कळत नव्हती. रूळ मांडले, फलाट मांडला, चार माणसं आपापल्या भोकांत उभी राहिली. डेसमंडने आज नवा टाय लावला होता.

लिनेट खिडकीत बसली तेव्हा तिला दोन गोष्टी दिसल्या. चुलीवरच्या कपडे वाळवायच्या दांडीवर मुलाचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि सदरा उबेला घातला होता, घड्यांच्या रेघा अजून तशाच. आणि डेसमंड भिंतीपाशी गेला नव्हता. टोपी हातात घेऊन तो मागच्या दारात उभा होता. ऑड्री तिच्या खुर्चीमागे. कीथ टेबलाशी. ट्रान्झिस्टर त्याच्यासमोर होता, बंद.

"कुणी तिकडे नाही का जाणार?" लिनेटने विचारलं.

"आहे तिकडे," डेसमंड म्हणाला.

घंटा वाजली. दोन.

विचारणं नव्हतंच. ते केव्हाच झालं होतं. गाडी निघाली होती.

"वाजली?" ऑड्रीने तिच्या तोंडाकडे बघत विचारलं. "वाजली ना? मला सांग ना गं, मला काही कळत नाही."

लिनेट रुळांकडे बघत होती. ते गुणगुणायला लागले होते. दूरच्या खोलीत कुणीतरी ओठ मिटून गाणं म्हणावं तसं. इंजिनातल्या स्पिरिटच्या दिव्याचा, गरम तेलाचा वास आला. इंजिनं वर टॉवेलांत होती. बोगद्याच्या तोंडातला काळा रंग आता रंग राहिला नव्हता. त्याला खोली आली होती. हात जाईल त्याच्याही पलीकडे, सशांच्या पिंजऱ्यांच्याही पलीकडे खूप आत पिवळा ठिपका होता, आणि तो मोठा होत नव्हता, नुसता स्पष्ट होत होता.

तार भिजली, असं ती मनात म्हणाली. तार आज कोरडी होती.

मग तिच्या पायांना गार लागलं. ओल्या सिमेंटचा गारवा, तळव्यातून वर चढणारा, आणि टाचेत काहीतरी बारीक टोचलं. खांद्यांवर कोटाचं वजन आलं. कोट वर खुंटीला होता. धुकं आता तिच्या अवतीभवती होतं, दाट, गोड, कापसासारखं. समोर रूळ होते, तिच्या उंचीला साजेसे, चकचकीत, लांब. मागे वळून बघावंसं वाटलं म्हणून ती वळली. वर, खूप वर, घराएवढी उजळलेली खिडकी होती, आणि तिच्यात चार प्रचंड चेहरे. तिघं बोगद्याकडे बघत होते. चौथी, खुर्चीत बसलेली, पापण्या मिटायला आलेली, मान हळूहळू छातीकडे चाललेली, ती होती.

झोप येत होती. वाईट नव्हती ती झोप. उबदार डबा, खिडकीशी जागा, कुणाला काय हाक मारायची याची चिंता नाही. आयुष्यभर लोकांच्या घरात अंग चोरून राहिलेल्या मुलीला एक गाडी खास न्यायला येत होती.

बोगद्याच्या तोंडातून धूर आला. धुरामागे डब्याची काच, आणि काचेवर आतून टेकवलेला एक तळवा. छोटा. जॅमने चिकट झालेला असावा तसा काचेला चिकटलेला. दुसरा हात वर केलेला. चेहरा दिसला नाही. तो पाठमोरा होता. जिथून आला तिकडे, मागे बघत होता.

"सरक ना गं जराशी," कुठून तरी खूप वरून ऑड्रीचा आवाज आला. लाडीक, घरगुती, कोचावर जागा मागतात तसा. "एवढीशी तर जागा लागते त्याला. सरक ना, बाळा. तेवढंच."

"लिन," कीथ म्हणाला. एवढंच म्हणाला.

लिनेटचा हात टेबलावर कुठेतरी होता. तो विटेसारखा झाला होता. तिने तो शोधला, अंधारात चप्पल शोधतात तसा, आणि सापडल्यावर त्याचं बोट उचलून पितळी कळीवर ठेवलं. कळ गरम होती, आणि त्या उबेने बोट तिचं झालं.

एक. दोन. तीन.

"नको," डेसमंड दारातून ओरडला. त्याला टोले कळत होते, निदान तिचे. "पोरी, नको, ते नको..."

चार. पाच.

ऑड्रीने तिचा खांदा पकडला. त्या बोटांत जोर नव्हता. गरम पाण्याची पिशवी रोज रात्री न विसरता ठेवणारी बोटं. लिनेटला त्यांची दया आली, इतकी की क्षणभर ती खरंच सरकणार होती. मग तिने सहावा टोला दिला.

परसात गुणगुणणं थांबलं, की तिच्या कानात थांबलं, कुणास ठाऊक. धुकं काचेला टेकून उभं होतं. फलाटावर मोहरीच्या रंगाचं माणूस तिरकं झालं होतं, एक टाच भोकातून सुटलेली, पण उभं होतं. बोगद्याच्या तोंडाशी काही होतं किंवा नव्हतं, तिकडे तिने बघितलं नाही. ती खुर्चीतून उठली, वळली आणि सासूच्या समोर उभी राहिली. खाकरली नाही.

"लाइन क्लिअर नाही, मम," ती म्हणाली. "इथे मी राहते."